सकाळी नऊला लॉगिन रांगतं: कीक्लोक, ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ट्यूनिंग

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे वीसेक ॲप्स एकाच साइन-ऑनमागे आणून झाली आहेत. ओळख तपासणारा सर्व्हर कीक्लोक आहे, कुबरनेटीसवर त्याच्या तीन प्रती (पॉड), मागे पोस्टग्रेस डेटाबेस. वापरकर्ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (एडी, म्हणजे कंपनीतल्या खात्यांची नोंदवही) एलडॅप्सने येतात; एलडॅप ही डिरेक्टरीला प्रश्न विचारायची भाषा, एलडॅप्स तिचं एन्क्रिप्टेड रूप. माणसं साधारण सहा हजार. दिवसभर कुणाची तक्रार नसते. सकाळी लोक कामाला बसले की मात्र पंधरा-वीस मिनिटं लॉगिन अक्षरशः रांगतं. पासवर्ड टाकून एंटर दाबला की बारा-पंधरा सेकंद नुसतं गोल फिरत राहतं. काही जण कंटाळून पान रिफ्रेश करतात, त्यामुळे गर्दीत आणखी भर.

वरिष्ठांनी पॉड वाढवायला सांगितले. वाढवले. तसूभरही फरक नाही. सीपीयू तीस टक्क्यांच्या वर जात नाही, मेमरी निवांत, डेटाबेस झोपलेला.

प्रश्न दोन. ट्यूनिंगला हात कुठून घालायचा? आणि पुढच्या टप्प्यात आणखी चाळीस ॲप्स यायची आहेत, तर आत्ताच काय सांभाळून ठेवावं? कागदोपत्री आर्किटेक्चर नको, ज्यांनी हे निस्तरलंय त्यांचे अनुभव हवेत.

टोकनधारी

आवृत्ती कुठली? कीक्लोक २५ पासून (२०२४) पासवर्ड हॅशिंग (पासवर्डऐवजी त्याचा उलट न फिरवता येणारा ठसा ठेवणं) मुळातच आर्गॉन२ या पद्धतीवर गेलंय. एकेका हॅशला ७ एमबी मेमरी लागते. त्याआधी पीबीकेडीएफ२ होतं, तेही २४व्या आवृत्तीत एसएचए-५१२च्या २,१०,००० फेऱ्यांवर नेलेलं. म्हणजे पासवर्ड तपासणं मुद्दामच महाग केलेलं आहे. एकाच वेळी शेकडो लोक आले की तिथेच रांग लागणार. फेऱ्या कमी करून बघा.

शून्यविश्वास

फेऱ्या कमी करून बघा?? उद्या डेटाबेसची प्रत बाहेर गेली तर त्या वाचवलेल्या अर्ध्या सेकंदाचा हिशोब कोण देणार? हॅश हळू असणं हेच त्याचं काम आहे. यंत्र वाढवा, पण हॅशला हात लावू नका.

टोकनधारी

मी काय जुन्या, तकलादू एमडी५वर जा म्हटलं का? प्रत्येक गोष्टीला किंमत असते एवढंच म्हणतोय.

रात्रपाळी

दोघंही थांबा जरा. धागाकर्त्याने लिहिलंय की वापरकर्ते एडीतून येतात. अशा वेळी पासवर्डचा हॅश कीक्लोककडे नसतोच. टाइप केलेला पासवर्ड घेऊन तो एलडॅपला बाइंड करतो (त्या नावाने लॉगिन करून बघतो) आणि हो-नाही तिकडून येतं. आर्गॉन२ असो नाहीतर आणखी काही, या रांगेशी त्याचा संबंध नाही.

आता हिशोब करू. सहा हजार माणसं पंधरा मिनिटांत आली असं धरलं तर सेकंदाला सहा-सात लॉगिन. कीक्लोकच्या स्वतःच्या सायझिंगच्या पानावर सेकंदाला पासवर्डचे १५ लॉगिन असतील तर एक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) धरा असं दिलंय, आणि त्यावर दीडशे टक्के मोकळीक ठेवा म्हटलंय. तो आकडाही हॅशिंग धरून आहे. टोकन रिफ्रेशचं, म्हणजे लॉगिननंतर मिळालेला मुदतीचा पास नवा करून घेण्याचं, बघा: ॲक्सेस टोकन मूळच्या पाच मिनिटांवरच ठेवलं असेल आणि सगळेच्या सगळे एकदम कामाला असतील, तरी सेकंदाला वीस रिफ्रेश. त्याला एका व्हीसीपीयूमागे १२० चालतात. म्हणजे तुमचे तीन पॉडसुद्धा गरजेपेक्षा जास्तच आहेत.

सीपीयू रिकामा आणि माणसं खोळंबलेली, याचा अर्थ तुमचा सर्व्हर काम करत नाहीये, कुणाची तरी वाट बघतोय. कुणाची ते शोधा. गर्दीच्या वेळी थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठे थांबलाय याची त्या क्षणाची नोंद) घ्या, थोड्या थोड्या अंतराने तीन-चार. एकच थ्रेड एकाच ओळीवर अडकलेला दिसला की उत्तर तिथेच.

पॉडपाल

रात्रपाळींशी बव्हंशी सहमत, पण "सीपीयू तीस टक्के" यावर माझा विश्वास नाही. पॉडला सीपीयू लिमिट लावलंय का? लिनक्सचा शेड्युलर तो कोटा १०० मिलीसेकंदांच्या खिडकीत मोजतो. जावाचे पाच-पंचवीस थ्रेड एकदम उठले तर पहिल्या वीस मिलीसेकंदांतच कोटा संपतो आणि उरलेली खिडकी सगळे गप्प बसून. मिनिटाच्या सरासरीत मात्र तीसच टक्के दिसतात. या अडवणुकीचा (थ्रॉटलिंगचा) आलेख वेगळा असतो, तो काढा.

उंबरठा

लिमिट आहे. आलेख काढला, थ्रॉटलिंग आहे पण किरकोळ. त्याने पंधरा सेकंद जाणार नाहीत. थ्रेड डंप उद्या सकाळी घेतो.

ढगफुटी

हे सगळं स्वतः चालवायची हौस कशाला? क्लाउडवरची सेवा घ्या, दर माणशी पैसे द्या, थ्रेड डंप त्यांचे त्यांना काढू द्या. ओळख सांभाळणं हा तुमचा धंदा आहे का?

जुनाजाणता

ढगफुटी, मुद्दा चुकीचा नाही, पण अर्धा आहे. क्लाउडची सेवा घेतली तरी पासवर्ड एडीतच राहिले तर तपासणीसाठी एक एजंट आतल्या नेटवर्कमध्ये बसवावाच लागतो आणि त्या एजंटमागे तोच डोमेन कंट्रोलर (एडी चालवणारा सर्व्हर) असतो. रांग तिथली तिथेच, तिचा थ्रेड डंप काढायची सोय तेवढी जाते.

मी या धंद्यात आलो तेव्हा सनचं ॲक्सेस मॅनेजर चालायचं. मग ते ओपनएसएसओ झालं. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, त्याच साली काही जुनी मंडळी बाहेर पडून फोर्जरॉक उभी राहिली आणि ओपनएएम आलं. २०२३ मध्ये फोर्जरॉक पिंगमध्ये विलीन. पाट्या इतक्यांदा बदलल्या, पण तक्रार शब्दशः तीच: "सकाळी लॉगिन हळू". आणि दर वेळी वरून पहिला हुकूम तोच: सर्व्हर वाढवा.

माझ्या अनुभवात संशयितांचा क्रम असा. आधी डिरेक्टरी. मग डिरेक्टरीला विचारलेले प्रश्न. मग मधलं नेटवर्क. त्यानंतर डेटाबेस. आयडेंटिटी सर्व्हर स्वतः शेवटी. डिरेक्टरी सहसा निर्दोष असते, तिला विचारलेले प्रश्न मूर्ख असतात. एकेका लॉगिनमागे एलडॅपला किती शोध जातात ते कुणी मोजलेलंच नसतं. लोकांना वाटतं दोन: एक माणूस शोधायचा, एक बाइंड. प्रत्यक्षात ग्रुप आले की आकडा कुठल्या कुठे जातो.

धागाकर्ते, तुमचा ग्रुप मॅपर (एडीतले ग्रुप कीक्लोकमध्ये आणणारा भाग) कुठल्या पद्धतीवर आहे? रिकर्सिव्ह असेल तर ग्रुपमधला ग्रुप, त्यातला ग्रुप असं करत प्रत्येक पायरीला वेगळा शोध जातो. एडीमध्ये नेस्टिंग खोल असेल तर एका माणसामागे कितीतरी फेऱ्या.

आणि डोमेन कंट्रोलरवाल्यांना म्हणावं, फील्ड इंजिनिअरिंगचं लॉगिंग पाचवर न्या, मग महागडे शोध इव्हेंट १६४४ म्हणून नोंदले जातात. काम झालं की परत शून्यावर आणायला सांगा, नाहीतर लॉगच डोक्यावर बसेल.

अनुक्रमणिका

जुनाजाणता काकांना +१. नेस्टेड ग्रुप एकाच फटक्यात सोडवायला एडीमध्ये तो १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ वाला मॅचिंग रूल आहे. लोक तो सापडला म्हणून आनंदाने लावतात आणि मग डोमेन कंट्रोलर घामाघूम. मोठ्या झाडावर तोही महागच. त्यापेक्षा ॲप्सना खरोखर लागणारे ग्रुप एका वेगळ्या ओयूमध्ये (एडीतल्या कप्प्यात), नेस्टिंगशिवाय ठेवा आणि मॅपरला फक्त तेवढीच ओयू दाखवा. माणसाच्या सगळ्या ग्रुपांचं आयडेंटिटी सर्व्हरला काय करायचंय?

हेच टोकनबद्दल. सगळे ग्रुप जेडब्ल्यूटीत (टोकनच्या नेहमीच्या प्रकारात) भरले की टोकन फुगतं. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हेडरच्या एका ओळीला मुळात ८ केबीची जागा असते, ती ओलांडली की ४०० ही एरर येते. गंमत अशी की हा त्रास सर्वांत जुन्या आणि सर्वांत वरच्या माणसांनाच होतो, कारण वर्षानुवर्षं ग्रुप त्यांनाच चिकटलेले असतात. नवीन आलेल्या पोराचं लॉगिन झकास, संचालकांचं बंद. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडीने यावर स्वतःची मर्यादाच घातली आहे: जेडब्ल्यूटीत २००, सॅमलमध्ये (साइन-ऑनचं जुनं मानक) १५०, त्यापुढे ग्रुपांऐवजी नुसता पत्ता देतात, जा आणि विचारून घ्या. आणि एडीतच माणूस १,०१५ ग्रुपांच्या पुढे गेला तर साधं विंडोजचं लॉगिनही नाकारलं जातं.

वेंधळा

संचालकांचं लॉगिन बंद पडणं हा दोष आहे की सुविधा? (हलकेच घ्या.)

हजेरीवही

मी एचआरच्या डेटाच्या बाजूला काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. चाळीस ॲप्स आणायच्या आधी माणसाची ओळख कुठल्या खुणेवर टेकवलीय ते बघा. ईमेलवर असेल तर आत्ताच थांबा.

ईमेल बदलतो. लग्नानंतर आडनाव बदललं, ईमेल बदलला, आणि ॲपच्या दृष्टीने ती बाई आज रुजू झालेली नवीन माणूस; तिचं आधीचं सगळं काम कुणा अनोळखी खात्याखाली. उलटं प्रकरण त्याहून वाईट. कुणी सोडून गेलं, त्याच नावाचं दुसरं कुणी आलं, तोच ईमेल मिळाला, आणि पहिल्याचे अधिकार नव्या माणसाला बसल्या जागी. ओपनआयडी कनेक्ट या साइन-ऑनच्या मानकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट आहे की इश्युअर (ओळख देणारा) आणि सब्जेक्ट (त्याने माणसाला दिलेला आयडी) या जोडीवरच ओळख टेकवावी, ईमेलवर नाही. २०२३ मध्ये नोऑथ नावाने गाजलेली गडबड याच सवयीतून आली होती: ॲप ईमेल क्लेमवर (टोकनमधल्या ईमेलच्या नोंदीवर) विसंबलं आणि तो क्लेम समोरच्याला हवा तसा बदलता येत होता. एडीतून आणताना ऑब्जेक्टजीयूआयडी (एडीतल्या नोंदीचा न बदलणारा आयडी) धरा, तो माणसासोबत टिकतो.

आणखी एक. आलेल्यांचं खातं उघडणं सोपं, कारण खातं नसेल तर माणूस स्वतः ओरडतो. गेलेल्यांचं बंद करणंही जमतं. खरी अडचण आतल्या आत बदली झालेल्यांची. नव्या विभागाचे अधिकार पहिल्याच दिवशी मागून घेतात. जुने परत करायला कुणी येत नाही, आणि जुना विभाग तरी कशाला आठवण ठेवेल?

चौकशीवाला

बदलीवाल्यांसाठीच तर तिमाही ॲक्सेस रिव्ह्यू असतो ना?

हजेरीवही

असतो की. व्यवस्थापकापुढे तीनशे ओळींची यादी येते, नावं सगळी ग्रुपांची, त्यातलं निम्मं त्याला कळत नाही. तो सगळे निवडून "मंजूर" दाबतो. सही झाली, ऑडिट खूश.

चौकशीवाला

मी त्या "ऑडिट खूश" मधलाच, त्यामुळे थोडं बोलतो. सगळे मंजूर करायला दीड मिनिट लागलं हे आम्हालाही लॉगमध्ये दिसतं. पण दोष व्यवस्थापकाचा नाही, यादी तशी देणाऱ्याचा आहे. रिव्ह्यूत फक्त दोन प्रकार ठेवा: ज्या अधिकाराने पैसे हलतात किंवा दुसऱ्यांना अधिकार देता येतात तो, आणि जो बरेच महिने वापरलाच गेलेला नाही तो. ग्रुपाच्या नावाशेजारी "याने काय करता येतं" एका वाक्यात लिहा आणि शेवटचा वापर कधी झाला ती तारीख द्या. यादी तीनशेवरून वीसवर आली की माणूस खरंच वाचतो. बाकीचे अधिकार ठरावीक मुदतीचेच द्यायचे, मुदत संपली की आपोआप जातील. रिव्ह्यूची गरजच राहत नाही.

आणि एकाच माणसाकडे पुरवठादार नोंदवायचा आणि त्यालाच पैसे मंजूर करायचा असे दोन्ही अधिकार नकोत, हा नियम रिव्ह्यूच्या वेळी शोधत बसू नका. मागणी आली तिथेच अडवा.

ढगफुटी

माझ्या प्रश्नाला बगल देऊन धागा ऑडिटला गेला. परत विचारतो, स्वतः का चालवायचं?

शून्यविश्वास

क्लाउड पडतो तेव्हा आपण काही करू शकत नाही, म्हणून. १४ डिसेंबर २०२० ला गूगलचं काय झालं आठवतंय? त्यांच्या मध्यवर्ती ओळख व्यवस्थेला स्वयंचलित कोटा यंत्रणेने जागाच कमी करून टाकली आणि जीमेल, यूट्यूब, ड्राइव्ह, जिथे जिथे साइन-इन लागतं ते सगळं जगभर पाऊण तासाच्या आसपास बंद. सेवा धडधाकट होत्या, दारावरचा माणूस तेवढा बेशुद्ध.

आणि फक्त बंद पडण्याचाच प्रश्न नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्टा या क्लाउडवरच्या ओळख सेवेने स्वतः जाहीर केलं की एडी किंवा एलडॅपमार्गे पासवर्ड तपासताना वापरकर्त्याचं नाव ५२ अक्षरांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर काही परिस्थितीत पासवर्डशिवाय आत जाता येत होतं. कारण कॅशची किल्ली बनवायला आयडी, नाव आणि पासवर्ड एकत्र जोडून बीक्रिप्ट या हॅश पद्धतीला दिलेले, आणि बीक्रिप्ट ७२ बाइटनंतरचं बघतच नाही. हुशार माणसं, मोठी टीम, तरीही.

ढगफुटी

पण त्यांनी ते शोधलं, दुरुस्त केलं आणि जाहीर केलं. तुमच्या तीन पॉडमध्ये असलं काही असतं तर कुणाला कळलं असतं? आणि पाऊण तास? आमच्याकडे घरचं एसएसओ (सिंगल साइन-ऑन) एकदा सॅमलचं सर्टिफिकेट संपलं म्हणून अख्खा दिवस बंद होतं. संपण्याची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये होती, नेमकी ज्याच्या अखत्यारीत ते यायचं त्याची बदली झाली होती.

रात्रपाळी

सर्टिफिकेटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण चाळीस ॲप्समध्ये सॅमलवाली निघणारच. सॅमल २.० हे २००५चं मानक आहे आणि बरीच जुनी ॲप्स त्यापलीकडे काही बोलतच नाहीत. त्यातही अर्ध्या ॲप्सना मेटाडेटाचा पत्ता (जिथून नवं सर्टिफिकेट ॲप स्वतः उचलतं) देता येत नाही, सर्टिफिकेट हाताने चिकटवावं लागतं. म्हणजे सही करायची किल्ली बदलायची तर चाळीस ठिकाणी चाळीस माणसांना एकाच वेळी जागं ठेवायचं. म्हणून ॲप घेतानाच विचारा: एका वेळी दोन सर्टिफिकेट ठेवता येतात का? मेटाडेटा स्वतः ताजा करतं का? उत्तर नाही असेल तर त्या ॲपचं नाव वेगळ्या यादीत, आणि त्या यादीला एक नाव घेऊन जबाबदार माणूस. "टीम" असं लिहू नका. टीमला फोन लागत नाही.

आणि दारावरचा माणूस बेशुद्ध पडला तर आत जायची दुसरी वाट ठेवा. निदान दोन आणीबाणीची खाती, फेडरेशनच्या (या सामाईक साइन-ऑनच्या) बाहेरची, हार्डवेअर किल्लीवर, आणि ती वापरली गेली की लगेच घंटा वाजेल अशी. शिवाय मॉनिटरिंग, व्हीपीएन आणि पासवर्डची तिजोरी एकाच एसएसओमागे कोंडू नका. एसएसओ दुरुस्त करायला व्हीपीएन हवं, व्हीपीएनला एसएसओ हवं, असं वर्तुळ मी रात्री तीनला पाहिलंय.

वेंधळा

रात्रपाळी हे टोपणनाव आता कळलं.

टोकनधारी

एमएफए (पासवर्डवर आणखी एक तपासणी) कुणी काढलंच नाही अजून. सकाळच्या गर्दीत त्याचाही वाटा असू शकतो. पुश नोटिफिकेशन उशिरा आलं की लोक परत पाठवतात.

शून्यविश्वास

पुश असेल तर पडद्यावरचा आकडा फोनवर जुळवायला लावा. नुसतं "मंजूर करा" बटण असेल तर माणूस कंटाळून दाबतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये हेच झालं. कंत्राटदाराकडे मंजुरीच्या विनंत्यांवर विनंत्या, शेवटी त्याने एक मंजूर केली. मायक्रोसॉफ्टने त्यांच्या ऑथेंटिकेटरमध्ये मे २०२३ पासून आकडा जुळवणं सक्तीचं केलं. त्याहून बरं म्हणजे सरळ पासकी (फोनमधल्या किंवा हार्डवेअरच्या किल्लीने लॉगिन). पासवर्डच नाही, तर सकाळचा बाइंडही नाही.

आणि कृपा करून दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती काढा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच २०१७ च्या ८००-६३बी मध्ये सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत.

अनुक्रमणिका

त्या नव्वद दिवसांची एक गंमत: स्थलांतराच्या दिवशी सगळ्यांनी एकदम पासवर्ड बदललेला असतो, म्हणून पुढे दर नव्वद दिवसांनी सगळ्यांची मुदत एकाच सकाळी संपते. हेल्पडेस्कवाल्यांना ती तारीख पाठ असते.

उंबरठा

मंडळी, थ्रेड डंप मिळाले. जवळजवळ सगळे अडकलेले थ्रेड एलडॅपच्या सॉकेटवर उत्तराची वाट बघत बसलेले. बाइंडवर कमी, शोधावर जास्त. ग्रुप मॅपर खरंच रिकर्सिव्ह आहे. आणि डोमेन कंट्रोलरवर बघितलं तर आमच्याकडून सकाळी नव्या टीएलएस (एन्क्रिप्टेड) कनेक्शनचा पाऊस पडतोय. ॲडमिन कन्सोलमध्ये तर कनेक्शन पूलिंग (उघडलेली कनेक्शनं परत वापरणं) चालू दिसतंय. मग दर शोधाला नवं कनेक्शन का?

रात्रपाळी

कारण खाली जावाचं जेएनडीआय आहे, एलडॅपशी बोलणारा भाग. त्याच्या पूलमध्ये कुठली कनेक्शनं घ्यायची याची एक सिस्टम प्रॉपर्टी असते, पूल-प्रोटोकॉल नावाची, आणि तिची मूळ किंमत फक्त "प्लेन". म्हणजे साधं एलडॅप पूलमध्ये जातं, एलडॅप्स जात नाही. कन्सोलमधलं बटण काहीही म्हणो. जेव्हीएमच्या पर्यायांत तिथे "प्लेन" आणि "एसएसएल" दोन्ही लिहा.

एक सांगून ठेवतो, म्हणजे अपेक्षा वाढणार नाहीत: वापरकर्त्याचा स्वतःचा बाइंड तरीही पूलमध्ये जाणार नाही, तो दर वेळी नवाच होतो आणि तसाच असावा. फायदा सर्व्हिस खात्याने होणाऱ्या शोधांना. तुमच्याकडे तेच जास्त आहेत.

आणि रीड टाइमआउट लावा. जेएनडीआयमध्ये तो मुळात नसतोच, उत्तर येईपर्यंत थ्रेड युगानुयुगं बसून राहतो.

तटबंदी

नेटवर्कवाल्याला बोलू द्या जरा. एलडॅपचा पत्ता म्हणून काय दिलंय? सर्व्हरचं नाव की नुसतं डोमेनचं?

उंबरठा

डोमेनचं. म्हणजे एक कंट्रोलर पडला तरी दुसरा मिळेल.

तटबंदी

दुसरा मिळेल, पण कुठला? डोमेनच्या नावाला डीएनएस सगळ्या कंट्रोलरांचे पत्ते देतं, समुद्रापलीकडच्या शाखेतलेसुद्धा. विंडोजचा क्लायंट साइट बघून जवळचा निवडतो. साध्या नावाने जाणारं जावा निवडत नाही, हाती येईल तो घेतं. दूरच्या कंट्रोलरला एकेका फेरीला दोनशे मिलीसेकंद धरा, त्यात टीएलएसच्या फेऱ्या, त्यावर रिकर्सिव्ह शोध. झाले की पंधरा सेकंद. जवळच्या दोन-तीन कंट्रोलरांची नावं थेट द्या, किंवा त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर ठेवा.

पॉडपाल

आणि बदल एकेक करून लावा. तिन्ही एकदम लावले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. लोड टेस्ट करणार असाल तर एकाच चाचणी खात्याने नको. तो माणूस पहिल्या लॉगिननंतर कॅशमध्ये जाऊन बसतो आणि आकडे खोटे सुंदर येतात. वेगवेगळी खाती, वेगवेगळ्या ग्रुपांची, आणि त्यात दोन-चार संचालक छापाची जड खातीही.

उंबरठा

सांगितल्याप्रमाणे एकेक केलं. जवळच्या कंट्रोलरांची नावं दिली, तेव्हा पंधराचे सहा-सात झाले. एलडॅप्सचं पूलिंग लावलं, तीनवर आलं. ॲप्सचे ग्रुप वेगळ्या सपाट ओयूत हलवायला वेळ गेला, कारण कुठला ग्रुप कोण वापरतं हे विचारत फिरावं लागलं. ते झाल्यावर सकाळी नऊलाही सेकंदाच्या आत. वाढवलेले पॉड परत तीनवर आणले. रीड टाइमआउट दहा सेकंद ठेवलाय.

एकच शंका उरलीय. सोमवारी सकाळी सर्वांत आधी येणाऱ्या दहा-वीस लोकांना बरोबर दहा सेकंद लागतात, कुणाला एरर येते, मग सगळं सुरळीत. मंगळवार ते शुक्रवार असं होत नाही.

तटबंदी

बरोबर दहा? तो तुमचाच रीड टाइमआउट. मधे फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर आहे, तो रिकामं पडलेलं कनेक्शन काही वेळाने विसरतो आणि दोन्ही टोकांना कळवत नाही. शनिवार-रविवार कुणी नसतं, पूलमधली कनेक्शनं मेलेली असतात, पण पूलला वाटतं जिवंत आहेत. सोमवारचा पहिला माणूस मेलेल्या कनेक्शनवर प्रश्न विचारतो आणि दहा सेकंद थांबतो. एडी स्वतः मुळात ९०० सेकंदांनी रिकामं कनेक्शन बंद करतं, पण ते निदान निरोप देऊन. मधल्या पेट्या तेवढ्याही शिष्टाचाराच्या नसतात. काही क्लाउड लोड बॅलन्सर साडेतीनशे सेकंदांतच विसरतात.

उपाय सोपा: जेएनडीआयच्या पूललाही टाइमआउट असतो, मुळात तोही नाही. मधल्या पेटीच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा. किंमत मिलीसेकंदांत द्यायची असते, सेकंद समजून ३०० लिहू नका.

जुनाजाणता

तटबंदी, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा. धागाकर्ते, एक सूचना: कीक्लोक २६ पासून वापरकर्त्यांची सेशन मुळातच डेटाबेसमध्ये ठेवली जातात. पॉड रिस्टार्ट झाले तरी लोक बाहेर फेकले जात नाहीत, ही चांगली गोष्ट. पण आज झोपलेला तुमचा पोस्टग्रेस तेव्हा जागा होईल. जुन्या आवृत्तीवरून जाणार असाल तर लिहिण्याचा भार आधी मोजून ठेवा. चाळीस ॲप्स आल्यावर मोजलात तर दोन कारणं एकमेकांत मिसळतील.

उंबरठा

२५वर आहोत, २६चं या तिमाहीत आहे. भार मोजायला आजच लावतो. पूलचा टाइमआउट ३,००,००० लिहिला, शून्यं दोनदा मोजून. सोमवारी कळवतो.

वेंधळा

सोमवार उलटून गेला. लॉगिन झालं का धागाकर्त्यांचं?

उंबरठा

झालं. पहिल्या माणसालाही सेकंदाच्या आत. हजेरीवही ताईंच्या सूचनेवरून पाच ॲप्स ईमेलवर टेकलेली सापडली, ती ऑब्जेक्टजीयूआयडीवर हलवायचं काम सुरू केलंय. नवीन ॲपवाल्यांना सर्टिफिकेटचे ते दोन प्रश्न विचारायला लागलोय, तिघांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि हेल्पडेस्कला आज नवीन तक्रार आली आहे: "साइन-इन पटकन होतं, पण नंतर ॲप उघडायला बारा सेकंद लागतात."

रात्रपाळी

आधीही लागत असणार. तुमच्या पंधरांमागे झाकले गेले होते. ॲपवाल्यांना थ्रेड डंप काढायला सांगा.